वरच्या मजल्याची खुर्ची आणि खालचा माईक

सोलापूरच्या बस स्टँडवर मी गाड्या पुकारतो. आवाज कसला म्हणाल, तर एकदा लाईट गेली, माईक मुका झाला, आणि मी नुसत्या घशावर माढ्याची गाडी पुकारली. तिकडे माढ्यात लोक पाहुण्यांना उतरवून घ्यायला घरातून निघाले म्हणे. म्हणे म्हणजे मीच म्हणतो. पण अजून कुणी खोडून काढलेलं नाही.

अशा माणसाला या उन्हाळ्यात प्रमोशन आलं. साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, "आता वरच्या मजल्यावर या. फिरती खुर्ची आहे, कूलर आहे. किती वर्षं ओरडणार?"

"ओरडत नाही साहेब, पुकारतो."

"तेच ते. आठ दिवस बसून बघा. शनिवारी हो का नाही ते सांगा."

आमच्या उन्हात कूलर म्हणजे काय, हे सोलापूरकरालाच विचारा. इथं मे महिन्यात कावळेसुद्धा सावलीसाठी नंबर लावतात. पहिल्या दिवशी मी खुर्ची इतकी फिरवली की दुपारचा डबा खाताना भिंतीच फिरत होत्या. चपराशी मला 'साहेब' म्हणाला. मी मागं वळून बघितलं, कोण आलं म्हणून!

पण काम? ड्रायव्हर-कंडक्टरांच्या रजेचे अर्ज. सही केली की कागद डावीकडून उजवीकडे जायचा, आणि एवढंच हलायचं. खाली मी नुसतं "अक्कलकोट, दुधनी" म्हटलं की बाया बोचकी उचलायच्या, म्हातारे धोतर सावरत पळायचे, कुणाची भजी तोंडात तर कुणाची हातात. त्यावर कानडीतून एक "लगू बर्री!", म्हणजे 'लवकर या!', सोडलं की उरलेसुरलेही उठायचे. मी एका दमात अख्खा फलाट हलवणारा माणूस. वर माझ्यानं एक चपराशी हलेना.

आणि दिवसभर तुंबलेलं बोलणं जाणार कुठं? ते घरी यायचं. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून आलेल्या बाईपुढं मी ताट घेऊन बसायचो आणि सुरू व्हायचो: "वरण-भाताकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे! पोळी थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे!" दोन दिवस ती हसली. तिसऱ्या दिवशी मी जोशात दुधनी पुकारली आणि आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे आलेले दुधनीकडचे पाहुणे पिशव्या घेऊन जिना उतरले. ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी. निदान पन्नास तरी धरा.

शुक्रवारी ती पोळपाट बाजूला सारून म्हणाली, "अहो, उद्या काय सांगणार?"

मला वाटलं, हिला 'साहेबांची बायको' व्हायचं असणार. म्हणून मी पडेल चेहऱ्यानं म्हणालो, "घेऊन टाकतो. खुर्ची मोठी हाय. पगारपण वाढतोय की."

"वाढलेला पगार माझ्या डोकेदुखीच्या गोळ्यांनाही पुरणार नाही! मला काय पाहिजे ते ऐका. संध्याकाळी घरी गप्प बसणारा नवरा. तसा मला आधी होता. सगळं बोलणं स्टँडवर सांडून यायचा, जेवायचा, माझं ऐकायचा."

"आणि लोक काय म्हणतील? प्रमोशन सोडलं म्हणून?"

"लोकांना तुमच्याबरोबर जेवायला बसायचंय का? तुम्हाला काय पाहिजे ते बोला."

मी बोलायला तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाज निघाला. "माईक."

"मग झालं की!" म्हणत तिनं पोळी लाटायला घेतली.

शनिवारी साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, लोक यासाठी भांडतात! कारण काय लिहू?"

"घरगुती लिहा साहेब. बायकोला शांतता पाहिजे."

त्यांनी तसंच लिहिलं. मी जिना उतरलो, दोन-दोन पायऱ्या एकदम, आणि खालच्या खोलीत जाऊन माईकवर फुंकर मारली. दुधनी उभीच होती. मी अशी पुकारली की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट होटगीलाच बसली.

तेवढ्यात खिडकीत एक म्हातारी आली, डोक्यावर गाठोडं, कमरेवर हात.

"कुटं गेला हुतास रं? आठ दिस गाड्या चोरावानी जात हुत्या की!"

"वर गेलो हुतो, आजी."

"वर?" तिनं आभाळाकडं बघितलं. "आनि परत धाडलं व्हय तुला?"

"लई बोलतो म्हणून!" मी म्हणालो. "पळा आता, गाडी सुटतीय!"