लॅमोइनचं नाक

एकोणीस वर्षं झाली मला या फीडलॉटवर, म्हणजे खोंड पोसायच्या तळावर, चाऱ्याचा ट्रक चालवायला, आणि एकोणीस वर्षं रोज सकाळी पहिलं तोंड बघायचं ते लॅमोइन वोबोरिलचं. बघण्यासारखं मुळीच नाही. पण गव्हाण वाचावी तर त्यानंच.

उजाडलं की सिमेंटच्या लांबलचक गव्हाणींच्या कडेनं तो चालत सुटायचा. खोंडांनी काल किती खाल्लं, किती टाकलं, कुठल्या वाडग्यातल्या, म्हणजे कुंपणातल्या, खोंडांनी गव्हाण चाटूनपुसून ठेवली, ते बघायचा आणि आज कुणाला किती मका घालायचा, किती चोथा, ते मला सांगायचा. इथेनॉलच्या कारखान्यातून मक्याचा ओला, कोमट चोथा येतो. त्याची मूठ भरून हुंगायचा. मग कुंपणात शिरून दोन-चार खोंडांच्या तोंडाशी तोंड न्यायचा. चोथ्यात गंधक असतं, आमच्या विहिरींच्या पाण्यातही असतं. दोन्ही मिळून जास्त झालं की जनावराच्या मेंदूवर जातं. त्याच्या आधी श्वासाला सडक्या अंड्यांचा वास मारतो. तो वास लॅमोइनला सगळ्यांच्या आधी यायचा. "व्हर्डा, नऊ नंबरच्या वाडग्याचा चोथा कमी कर," एवढंच म्हणायचा. मी करायची.

हिवाळ्यात त्याला ताप आला. पंधरा दिवसांनी उठला, पुन्हा चालायला लागला. सगळं पहिल्यासारखं, असं मला वाटलं. एप्रिलमध्ये फाटकापाशी रात्रीतून कुणीतरी गाडीखाली स्कंक चिरडला, तो घाण वासाचा फवारा मारणारा प्राणी. त्या जनावराच्या घाणीनं माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हा बाबा त्याच्याशेजारी उभा राहून कोलाच, म्हणजे जर्दाळू भरलेला गोड पाव, खात होता! शांतपणे. बोटं चाटत.

"लॅमोइन, तुला वास येत नाही?"

"येतो की."

"कशाचा?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं. "डिझेलचा."

एकसष्ट वर्षांचा माणूस, बायको लुड्मिला वारून सहा वर्षं झालेली, घरी जाऊन करणार काय? जोलीनला कळलं तर गव्हाण हातची जाईल, एवढंच मला दिसलं. जोलीन म्हणजे मालकाची मुलगी, हल्ली सगळं तीच बघते. मी गप्प बसले. मूर्ख बाई मी.

यंदा नेब्रास्काभर पाऊस नाही. विहिरी खोल गेल्या, पाणी मचूळ झालं, त्यातलं गंधक वाढलं. मका कमी पडला म्हणून चौदा नंबरच्या वाडग्यात चोथा वाढवत न्यायचं ठरलं. वाढवायचा की थांबायचं, ते लॅमोइननं बघायचं. रोज सकाळी तो मूठ हुंगायचा, खोंडांच्या तोंडाशी वाकायचा, म्हणायचा, "ठीक आहे, वाढव." आणि मी ट्रकच्या काचा बंद करून, थंड हवा लावून, वाढवत होते. तीन आठवडे.

मंगळवारी चौदा नंबरचे चार खोंड कुंपणाला कपाळ टेकून उभे होते. एक पाचवा मान वर करून आभाळाकडे बघत गोल गोल फिरत होता. पाचही जणांचे डोळे उघडे, पण दिसत काही नव्हतं. मी ट्रकमधून उतरले आणि वासानं मागे सरले. अख्ख्या वाडग्यात अंडी सडल्यासारखं झालं होतं. लॅमोइन मधोमध उभा होता, एका खोंडाच्या मानेवर हात ठेवून.

"येतोय का गं?" त्यानं विचारलं.

"येतोय."

"खूप?"

"खूप, लॅमोइन."

मी त्याच्याजवळ गेले. "हे बघ, चोथा खराब आला म्हणून सांगू. कारखान्यावर ढकलू. कोण विचारतंय?"

"हे विचारतायत," तो म्हणाला, आणि त्या आंधळ्या जनावराची मान थोपटत राहिला.

या दुखण्यावर देतात ती बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घेऊन जोलीन धावत आली, तेव्हा त्यानं टोपी काढली. "पोरी, मला हिवाळ्यापासून वास येत नाही. मी नुसता हुंगल्याचं नाटक करत होतो."

जोलीनचं तोंड पांढरं पडलं. "लॅमोइन, तुम्ही? आणि कुणालाच माहीत नव्हतं?"

"नाही," तो म्हणाला.

"मला होतं," मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जन्मात विसरणार नाही. राग होता, आणि सुटल्यासारखंही होतं.

तीन खोंड वाचले, दोन गेले. गव्हाण आता जोलीन वाचते, चोथा हुंगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. लॅमोइनकडे पाण्याच्या टाक्या घासायचं काम आहे. दिवसभर वाकून घासतो, सरळ व्हायचं म्हटलं की कंबर धरतो. मीही थकलेय. सारखी नाकाला हात लावून खात्री करून घेते.

पण रोज सकाळी तो ट्रकपाशी येतोच. मूठभर चोथा घेऊन खिडकीतून हात आत घालतो.

"कसा आहे?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे काय, बये? नीट सांग."

मग मी हुंगते आणि सांगते. आंबलेल्या पिठाचा, थोडा भाजलेल्या मक्याचा, तळाशी गोडसर. तो डोळे मिटून ऐकतो. "आमच्या लुड्मिलाच्या स्वयंपाकघरात असा यायचा," परवा म्हणाला. मी इंजिन बंद केलं आणि त्याला पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.