भोंगा वाजेपर्यंत

ग्वारीघाटापासून अधारतालपर्यंत सबंध जबलपुरात माझ्या आतोबांसारखा शिकवणारा माणूस झाला नाही आणि व्हायचा नाही. हे मी स्वतः रीतसर ट्रेनिंग घेतलेली, सरकारी शाळेतली मास्तरीण असून सांगते आहे! आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. हाडाचे मास्तर, फक्त मास्तरकीचं सर्टिफिकेट तेवढं त्यांच्याजवळ नव्हतं. मुळात ते कारखान्यातले. तयार होऊन आलेल्या भागांची भोकं गेजने तपासायची, हे त्यांचं काम. त्या लोखंडी गेजचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाताच कामा नये, तरच माल पास! पुढे कांचघर मोहल्ल्यात चार मराठी मंडळींनी दोन खोल्यांची खाजगी शाळा काढली, गणिताला मास्तर मिळेना, तेव्हा आतोबा पक्की नोकरी सोडून तिथे गेले. आत्या आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पण गेज काही त्यांच्या हातून सुटला नाही. खिशात तो असायचाच, आणि पोरांनाही ते त्यानेच तपासायचे. म्हणजे प्रत्येकाला दोन सवाल घालायचे. पहिला यायलाच पाहिजे आणि दुसरा यायला नको, इतका अवघड. दुसराही आला, तर "अरे वा, भैया, तू तो बड़ा हो गया!" म्हणून त्याला पुढच्या बाकावर बढती. आणि पहिलाच अडला तर? तर आतोबा त्या पोरापुढे चक्क हात जोडायचे. "माल बरोबर आहे, मशीन बिघडली," म्हणत स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू! सरकारी शाळांतल्या ट्रेंड, म्हणजे ट्रेनिंग झालेल्या, मास्तरांचा त्यांना भारी धाक. बाजारात एखादा भेटला की हे भाजीची पिशवी डाव्या हातात घेऊन बाजूला सरकायचे, त्याला वाट द्यायचे. घरी आल्यावर मात्र माझं, म्हणजे सरकारी शाळेत शिकणाऱ्या पोरीचं, गणिताचं पुस्तक उघडून म्हणायचे, "काहून वो पोरी, हे असं शिकवून राहिले तुमच्याकडे? तुमच्या शाळेत मास्तर ट्रेंड आणि पोरं अनट्रेंड. आमच्याकडे सगळं उलटं आहे बाप्पा!"

घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. सारं शहरच कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की आत्या डाळ उतरवायची, आणि बाराचा भोंगा झाला की आतोबा वाक्य जिथे असेल तिथे तोडून, दोन्ही हातांवरचा खडू झटकून "चलो, सुट्टी!" म्हणायचे. त्यांच्या शाळेत घंटा नव्हतीच.

मग लढाईचं वर्ष आलं. खिडक्यांना काळे कागद लागले, कारखाने दुप्पट पाळ्यांनी चालू लागले, आणि त्यातच खाजगी शाळांवर फर्मान निघालं: मान्यता हवी असेल तर सगळे मास्तर ट्रेंड पाहिजेत. आतोबांना वर्षाची मुदत मिळाली. पास झाले तर वर्ग त्यांचा, नाहीतर घरी. पन्नाशीतला हा माणूस पहाटे उठून बालमानसशास्त्र घोकू लागला! आत्या त्यांची उजळणी घ्यायची आणि चुकले की खुशाल हसायची. लेखी पेपरांत ते सुटले. उरला तो परीक्षकासमोर द्यायचा एक पाठ, चाळीस मिनिटांचा. मी तेव्हा सातवीत होते, आणि तो नेमका माझ्या शाळेत, माझ्याच वर्गावर आला!

"मला ओळखायचं नाही हं," त्यांनी आदल्या दिवशी मला बजावलं. मी कशाला ओळखते! पण सकाळी ते कडक इस्त्रीचा कोट घालून वर्गात शिरले आणि मी घाईघाईने पुस्तकात डोकं खुपसलं. पाठाच्या टाचणात शेवटी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: समारोप, बाराच्या भोंग्याबरोबर. टाचण महिन्यापूर्वीचं होतं. आणि पाठाच्याच आठवड्यात रोजचे भोंगे बंद झाले होते. यापुढे भोंगा वाजला तर तो हवाई हल्ल्याचाच समजायचा, असा हुकूम होता. आतोबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण इतक्या वर्षांची सवय हुकमाने थोडीच जाते?

आधी त्यांनी अर्ध्या पोळीची अर्धी विचारली. ती सगळ्यांना आली. मग डोळे मिचकावून म्हणाले, "अब बताओ, पाव रोटी में आधी रोटी कितनी बार जाएगी?" एकच गलका! कोणी म्हणे दोनदा, कोणी म्हणे जाणारच नाही. शाळेची घंटा झाली. आतोबांना ती देवळातली वाटली असावी. परीक्षकांनी घड्याळावर बोट आपटलं. आतोबा थेट त्यांच्याकडे वळले, "आप भी सोचिए, भाईसाहब!" आणि काय सांगू, ते गृहस्थ खरंच कागद काढून पोळी आखायला लागले! मधल्या सुट्टीत डबा खायला एक पोर उठलं नाही. साडेबाराच्या सुमाराला, वर्षभर तोंड न उघडलेली मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आधी बार." म्हणजे पाव पोळीत अर्धी पोळी अर्ध्यांदाच मावणार! आतोबांनी टाळी वाजवली. आम्ही बाकं बडवली. मला वाटलं, आता सर्टिफिकेट कुठे जातंय!

निकालात शेरा होता: पाठ वेळेत संपला नाही. नापास. आतोबांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "बरोबर लिहिलं त्यानं. कुठं संपला?" महिन्याभरात कांचघरच्या शाळेत ट्रेंड मास्तर आला. लढाई संपली, काळे कागद निघाले, आणि एके दिवशी बाराचा भोंगा पुन्हा वाजला. वरांड्यात तांदूळ निवडत बसलेले आतोबा उठले, दोन्ही हात झटकले आणि "चलो" म्हणाले. पुढचं त्यांच्या तोंडून निघालं नाही. मला फार रडू आलं.

पुढे मी ट्रेनिंग पास झाले. सर्टिफिकेट घेऊन आधी त्यांच्याकडेच गेले. त्यांनी चष्मा लावून ते अक्षर न् अक्षर वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग खिशातून गेज काढला.

"पोराला समजलं नाही, तर चूक कोणाची?"

"मास्तरची."

"अच्छा. आणि भोंगा झालाच नाही, तर शिकवणं केव्हा थांबवायचं?"

मी पुष्कळ विचार केला. मला उत्तर आलं नाही.

"माल पास," आतोबा म्हणाले, आणि गेज माझ्या हातात ठेवला.