मुरलीपुऱ्याचे किलोमीटर

अमेरिकेतल्या मुलाने फोनवर सहज सांगितलं, की तो भाड्याने दिलेलं घर बघायला गाडीने जातो, ते मैल टॅक्समधून वजा करतो. झालं. आमच्या ह्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं.

आमचंही एक भाड्याचं घर आहे, मुरलीपुऱ्यात. आम्ही राहतो सांगानेरला, म्हणजे जयपूरच्या दुसऱ्या टोकाला. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून हे दर रविवारी स्कूटर काढून तिकडे जायचे. कधी नळ गळायचा, कधी सिंक तुंबायचं. आता तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर किलोमीटरही मांडायला लागले.

जुलैत मी रिटर्न भरायला बसले. मी बँकेतली, त्यामुळे घरचं हे खातं माझ्याकडे. ह्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढून माझ्यापुढे ठेवलं.

"अहो, इथे असं काही नसतं," मी म्हटलं. "घरभाड्यातून सरसकट तीस टक्के वजा होतात. तुम्ही रोज जा नाहीतर कधीच जाऊ नका, सरकारला घेणं-देणं नाही."

"मग मी उगाच पेट्रोल जाळतोय म्हणायचं," हे म्हणाले, आणि त्यांनी जाणंच बंद केलं. विनाकारण कुणाच्या दारात उभं राहणं ह्यांच्या तत्त्वात बसत नाही. रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसून राहायचे. बोलणं आधीच मोजकं, ते आणखी आटलं. मला आधी राग आला आणि मग काळजी वाटायला लागली.

एक दिवस भाडेकरणीचाच फोन आला. नवरा फौजेत हवालदार, माणसं अकोल्याची.

"काकू, काका बरे हायेत ना? मी त वाट पाहून राहिली होती. रविवारी भाकरी टाकतो ना मी त्यायच्यासाठी."

"बरे आहेत. नळ कसा आहे?"

"नळाले काय झालं? नळ त चांगला हाय."

हेही अकोल्याकडचेच. मी पुण्याची, आणि घरात पहिल्यापासून माझीच मराठी चालते. ते मला कधी जाणवलंही नव्हतं.

त्या रविवारी मी म्हटलं, "चला, नळ बघून येऊ." नळाला काय झालंय, हेही न विचारता हे चप्पल घालून तयार.

दार उघडताच ह्यांनी आवाज दिला, "काय वं पोरी, भाकर टाकली का नाई? भूक लागून राहिली ना मले." मग दोन तास गावची जत्रा काय, कापूस काय, कुणाची म्हैस कुणाच्या वावरात शिरली काय! हसताना ह्यांचे खांदे हलत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस एवढा बोलतो हे मला माहीत नव्हतं. मी भाकरी खात ऐकत होते. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

परतताना सीकर रोडवर मागे बसून मी म्हटलं, "घरीही असंच बोलत जा ना माझ्याशी."

स्कूटरचा वेग कमी झाला. मग ह्यांनी मान जराशी वळवून विचारलं, "तुले समजन का?"