नाडीभाऊंचा पालथा हात

समस्त नागपूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कम्प्युटरला पालथा हात लावून त्याचा ताप सांगणारा शहरातला एकमेव माणूस खाप्याला कायमचा राहायला गेला आहे. शोकसभा ठेवलेली नाही. तो मजेत आहे, वांगी पिकवतो आहे. शोक करायचा तो आम्ही, इथे मागे राहिलेल्यांनी.

त्यांना सगळे नाडीभाऊ म्हणायचे. लकडगंजात लाकडाच्या वखारींमध्ये त्यांचा कम्प्युटर दुरुस्तीचा एक अरुंद गाळा होता. स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान ठळक दिसत असलं तरी आधी पालथा हात, मग डोळे मिटून हुंकार, मगच आकड्याकडे नजर. मी एकदा म्हटलं, "अहो, लिहिलंय ना तिथे!" तर म्हणाले, "पोरीले ताप आला तर आधी हात लावता का थर्मामीटर शोधत फिरता?"

घराणं उमरेडच्या विणकरांचं. माग बंद पडला, पण बोटांतली धाग्याच्या ताणाची जाण गेली नाही. कम्प्युटरच्या आत प्रोसेसरला थंड ठेवणारा पंख्याचा कूलर असतो, त्याचे चार स्क्रू ते कधी ओळीने आवळत नसत. एक इथला थोडा, मग समोरच्या कोपऱ्यातला थोडा. "एका अंगाले ओढलं का साडीबी बिघडते अन् मशीनबी."

आणि एक नियम होता. दोषी कोण, ते सांगायचं नाही. एका गृहस्थाने कीबोर्डवर चहा सांडला होता आणि बायको शेजारीच उभी होती. भाऊंनी शांतपणे निदान केलं, "हवेत दमटपणा लई आहे." नागपुरात! मे महिन्यात! मागून मला म्हणाले, "बिघाड काढणं माहं काम. कोणं केला, ते ज्याचं त्यानं सांगावं."

आता माझा पराक्रम. गेल्या हिवाळ्यात मी दोन व्हिडिओ बघून स्वतःच्या हाताने कम्प्युटरचा कूलर बदलला. नवा पंखा झोकात फिरू लागला आणि दहा मिनिटांत मशीन बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. माझी बायको सुनंदा त्याच मशीनवर साड्यांच्या काठांची डिझाइनं काढते. तिला नुकतीच पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. ती खचून म्हणाली, "माह्याच डिझाइनचा भार होऊन राहिला त्याले." मीही गंभीरपणे मान हलवली. नव्या मेकॅनिकवर शंका घेणार कोण?

तिसऱ्या दिवशी नाडीभाऊ घरी आले. पालथा हात, हुंकार. "पंखा तं फिरून राहिला. मग गरमी वर काहून जाऊन नाही राहिली?" त्यांनी स्क्रू सोडवले, कूलर उचलून उलटा केला आणि बघतच राहिले. त्याच्या चकचकीत बुडाला पारदर्शक प्लास्टिक तसंच चिकटलेलं होतं. प्रोसेसरची गरमी कूलरला पोचवणारी पेस्ट मी त्या प्लास्टिकवरच फासली होती. आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढणं म्हणजे निव्वळ उधळेपणा. टीव्हीचा रिमोट सात वर्षं पिशवीत आहे, जेवणाच्या खुर्च्या अजून कव्हरात आहेत. कूलरलाही मी तेवढ्याच मायेने जपलं होतं!

भाऊंनी प्लास्टिक सोलून काढलं, घडी करून खिशात टाकलं आणि साबुदाण्याएवढी नवी पेस्ट लावली. कूलर बसला, मशीन सुरू झालं, आकडा भराभर उतरू लागला.

तेवढ्यात दारातून सुनंदाचा आवाज आला. ती आमच्याकडे पाठ करून उमरेडच्या साडीवाल्या ताईंशी फोनवर बोलत होती. "नाही ताई, तुम्ही ऑर्डर दुसऱ्या कोणाले द्या. माह्या कामानं घरची मशीन जळायची एखाद्या दिवशी."

मी नाडीभाऊंकडे पाहिलं. सांगा ना हो, एकदा तरी नियम मोडा! ते मन लावून स्क्रूड्रायव्हर पुसत होते. हवेतल्या दमटपणाचासुद्धा उल्लेख नाही.

आणि माझ्या तोंडून उमरेडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात निघालं, "अवं थांब, फोन ठेवू नको! मशीन मी बिघडवली, मी!"