मडक्यातले बियाणे

भाचीने फोनवर सांगितले ते एवढेच: "मामा, तीसच्या तीसही सारख्या निघाल्या. तुम्ही होता ना तिथे? मी नीट सांगितलं होतं ना?"

मी तिथे होतो. जानेवारीत तिला नागपूरहून उमरेडमार्गे भिवापूरच्या पुढच्या एका गावात मीच घेऊन गेलो होतो. वर्तमानपत्रातली नोकरी संपली होती आणि जिल्ह्याच्या बातमीदारीमुळे रस्ते पाठ होते. भाची वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते. विषय जुन्या भिवापुरी मिरचीतली जनुकीय विविधता. म्हणजे एकाच शेतातल्या, एकाच जातीच्या झाडांत आपसांत किती फरक उरला आहे, याचे मोजमाप. ज्या शेतात हा फरक भरपूर सापडेल, तिथले बियाणे जतनासाठी शीतगृहात ठेवले जाणार होते.

ज्या शेतात आम्ही गेलो, ते साठीतल्या एका बाईंचे होते. विहिरीलगतच्या पट्ट्यात जुनी मिरची होती, बाकी सगळीकडे मुलाने लावलेली संकरित. येत्या हंगामापासून पट्टाही संकरित मिरचीखाली आणायचे मुलाने ठरवले होते. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. व्यापाऱ्याला एका मापाची, लांब मिरची हवी होती. पण जुन्या मिरचीचे ते शेवटचे पीक होते, आणि बाईंना ते माहीत होते. त्या दिवशी त्यांनी भाचीला दोनदा विचारले, "किती वर्सं ठेवता म्हनते त्या थंड पेटीत?"

"पुष्कळ वर्षं, मावशी."

"माझ्यामागंही?"

"हो."

भाचीने त्यांना तीस पिकलेल्या मिरच्या मागितल्या. प्रत्येक मिरची वेगळ्या झाडाची हवी, आणि निवडून नको, डोळे मिटून हात जाईल तिथली हवी, हे तिने सावकाश दोनदा सांगितले. बाई म्हणाल्या, "चांगल्याच देईन वं बाई. तू काही काळजी नको करू." हे वाक्य माझ्या वहीत आहे. सवयीने लिहून घेतले होते. त्यात काही सांगितले जात आहे, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आले नाही.

आठवडाभराने नागपूरला पुड्या आल्या. वर्तमानपत्राच्या तीस चौकोनी पुड्या, प्रत्येकीला दोरा. भाचीने रोपे केली, पाने खुडली, तपासणी झाली. निकाल एप्रिलमध्ये आला: सगळी रोपे एकाच झाडाची लेकरे. मार्गदर्शक प्राध्यापकांनी दोन शक्यता मांडल्या. नमुना चुकीचा घेतला गेला आहे, किंवा शेतात फरकच उरलेला नाही. दोन्ही परिस्थितींत ते बियाणे शीतगृहात जाणार नव्हते. शीतगृहात ठेवायच्या बियाण्यांची यादी मे महिन्याच्या अखेरीस बंद होणार होती.

"एका झाडापाशी उभ्या राहिल्या आणि तीस तोडून मोकळ्या झाल्या," भाची म्हणाली. "फिरायचा कंटाळा."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पहाटे निघालो. उमरेड ओलांडेपर्यंत गाडीची काच खाली ठेवता आली, नंतर झळांमुळे नाही. पोहोचलो तेव्हा बाईंनी पन्हे दिले, भाचीला घरातली एकुलती एक खुर्ची दिली. मी आणि मुलगा बाजेवर बसलो.

भाचीने पेला रिकामा केला आणि विचारले, "मावशी, त्या तीसही मिरच्या एकाच झाडाच्या होत्या का?"

"हो," बाईंनी लगेच सांगितले. "मंग? तुले काय वाटलं, कोन्त्याबी झाडाच्या देईन?"

मग सगळा उलगडा झाला. दिवाळीच्या सुमारास बाई पट्ट्यातले सर्वांत देखणे झाड निवडतात आणि त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधतात. त्या झाडाची मिरची कोणी तोडायची नाही. लेकीच्या सासरचे, सोयरे, ओळखीचे, जो कोणी बी मागेल त्याला त्या झाडाचेच द्यायचे. सासूने त्यांना असेच शिकवले होते. दुसऱ्या झाडाचे बी पाहुण्याला देणे म्हणजे कालची भाकर वाढणे.

"पण मी म्हटलं होतं ना, न निवडता द्या?"

"म्हटलं होतं. मले वाटलं, शहरातली पोरगी आहे, संकोच करून राहिली. पावना 'थोडंच वाढा' म्हनते, म्हनून काय आपन थोडंच वाढतो?"

मुलगा हसला. "मी तवाच म्हटलं होतं, आई. त्या बाई सांगून राहिल्या तसं कर. पन इचं म्हनजे, पावन्यानं पानी मांगितलं तं ही दूध देते आन् मंग म्हनते, काहून नाही पेला."

"तू गप बस गा."

भाचीने वही बंद केली. चुकीचा नमुना, हे आता स्पष्ट होते. झाडे तर मार्चमध्येच उपटून झाली होती. मग तिने, उठता उठता विचारावे तसे विचारले, "मावशी, शेतात दरवर्षी तुम्ही हेच चिंधीच्या झाडाचं बी पेरता?"

"नाही वं. घरचं बी येगळं."

भाची पुन्हा बसली. "ते कुठे आहे?"

"मडक्यात." बाईंनी आतल्या फळीकडे पाहिले, पण उठल्या नाहीत. "त्यात काही पाहासारखं नाही. सारी सरमिसळ. शेवटच्या तोड्याची, वाकडी, ठेंगनी, लवकर पिकनारी, उशिरा पिकनारी. हर झाडाचं थोडं थोडं."

"असं का ठेवता?"

"एखाद्या वर्सी पानी झोडपते, तवा ठेंगनी झाडं उभी राहतात. एखाद्या वर्सी पानं मुरडतात, तवा कोन्तं झाड तगंन, कोनाले ठाऊक? म्हनून सारंच ठेवा लागते."

भाचीच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण मी वाचले होते. त्यात हेच होते, बऱ्याच पानांत.

"मावशी, मला तेच हवंय."

"ते नाही देत मी." आवाज चढला नव्हता. "घरात खायची भाकर ते. पुडीवर माझं नाव टाकशीन आन् आत वाकडी मिरची ठेवशीन. मी मेल्यावर कोनी उघडंन, तं म्हनंन, या बाईनं काय हे देल्लं."

"दे टाकून, आई," मुलगा म्हणाला. "तसंबी यंदा ते मडकं कुठं लागते?"

तो सहज बोलला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि पदराने हात पुसले, जरी हात कोरडे होते. मुलानेही ते पाहिले. तो उठून बैलांकडे गेला.

भाची जमिनीकडे पाहत होती. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही पाहुण्याला चांगलं वाढलंत. ते मिळालं मला. आता मी पाहुणी नाही असं समजा. घरचं वाढा."

बाईंनी तिच्याकडे, मग खुर्चीकडे पाहिले.

"घरची आहेस, तं खुर्चीवर काहून बसली?" त्या म्हणाल्या. "ऊठ. फळीवरून मडकं काढ. आन् तो पन्ह्याचा पेलाही विसळून ठेव."

भाचीने आधी पेला विसळला, मग मडके उतरवले. तोंडाला फडके बांधलेले होते, आत राखेत कालवलेले बी. बाईंनी चाळणीवर राख झाडली आणि अर्धे बी कागदावर ओतले. अर्धे मडक्यात ठेवून फडके पुन्हा बांधले. मी विचारले नाही, पण त्यांनीच सांगितले, "विहिरीजवळ चार सरी मांगून पाहातो पोराले."

शीतगृहाच्या अर्जात बी देणाऱ्याचे नाव लिहायचा रकाना होता. बाई म्हणाल्या, गावाचे नाव लिही, माझे नको. भाचीने गावाचे नाव लिहिले.

परतीच्या वाटेवर ती कागदाची पुडी मांडीवर धरून बसली होती. उमरेडजवळ ती म्हणाली, "मामा, मी त्यांना आळशी म्हटलं होतं." मी गाडी चालवत होतो.

मडक्यातल्या बियांची रोपे करून तपासायला वेळ कमी होता. यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी निकाल आला. एकेक रोप वेगळे होते. बियाणे शीतगृहात गेले. भाचीने माझ्यासमोरच बाईंना फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता.

"ठेवलं? मडक्यातलंच?"

"मडक्यातलंच, मावशी. मुलानं सरी दिल्या का?"

"दोन देल्ल्या. चार मांगितल्या होत्या." मग त्यांनी विचारले, "आन् चिंधीच्या झाडाचं जे होतं, ते फेकलं?"

"नाही. आईनं गच्चीवर कुंड्यांत लावलंय."

"मंग दिवाळीले चिंधी बांधजो."

"कोणत्या झाडाला? सगळी सारखीच आहेत."

"तं कोन्त्याबी," बाई म्हणाल्या. "डोये मिटून. तुले तसंच आवडते."