हद्दीबाहेरचं पोर्क

कराडला हायवेलगत पोर्क आणि बिअर मिळणारं एक साधं हॉटेल आहे. रविवारी दुपारी तिथं एकही टेबल मोकळं नव्हतं, म्हणून मी कडक इस्त्रीतल्या एका गृहस्थांसमोर बसलो. ते दर घासाआधी दाराकडं बघत. चरबीचा तुकडा आला की मात्र डोळे मिटून चावत.

दुसऱ्या बाटलीला ते बोलके झाले. गावच्या देवस्थान कमिटीचे ते अध्यक्ष होते.

"आमच्या गावात डुकराच्या मटणाचं दुकान हुतं. मीच सह्या गोळा करून बंद पाडलं. पोराबाळांवर संस्कार नकोत व्हय?"

मी त्यांच्या ताटाकडं बघितलं.

"आवं, ही काय गावची हद्द न्हाई," ते शांतपणे म्हणाले.

तेवढ्यात आचारी स्वतः रस्सा वाढायला आला. मी त्याला विचारलं, "हात छान बसलाय. कुठं शिकलात?"

"माझं सोताचं दुकान हुतं की," तो म्हणाला. मग अध्यक्षांकडं बघत हळूच म्हणाला, "ह्यांच्याच गावात."

मला वाटलं, आता गृहस्थ शरमतील. त्यांनी मिशीवरचा फेस पुसला.

"बघा, गावात कुजला असता. आमच्यामुळं हायवेला आला," ते मला म्हणाले आणि आचाऱ्याकडं वळले. "तिखट लय झालंय रं आज."

"व्हय, अध्यक्ष," म्हणून आचारी आत गेला.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण रस्सा गरम होता, बिअर गार होती आणि मी खाली मान घालून जेवत राहिलो.