तक्रार करील तो कारभारी

या जगात मी मनापासून एकाच माणसावर जळतो, आणि दुर्दैवाने तो माझा साडभाऊ आहे. परका असता तर तोंड फिरवून मोकळा झालो असतो. पण बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याशेजारी दर सणाला हसतमुखाने जेवायला बसावं लागतं. मी गोंदियातल्या एका वाचनालयाचा सचिव. साडभाऊ शहराबाहेर, मुर्री गावाच्या पलीकडे धान पिकवतात आणि तिथल्या गावच्या वाचनालयाचे सचिव आहेत. माझ्याकडे काचेची कपाटं, चकचकीत फरशी आणि भिंतभर फलक: ‘शांतता राखा’, ‘पानांचे कान मोडू नका’. त्यांच्याकडे धानाचं जुनं गोदाम, जिथे पुस्तक उघडलं की अजूनही कोंडा उडून शिंक येते. तरीही त्यांच्या दाराशी कुलूप निघायच्या आधी माणसं उभी, आणि माझ्या दाराशी एक गाय. ती सावलीसाठी येते हे मला ठाऊक आहे. तरी मी तिच्याकडे आशेने पाहतो. कारण मला एकच हवं होतं. मी किल्ली घेऊन यावं आणि कोणीतरी म्हणावं, ‘केव्हाची वाट पाहून राहिलो तुमची!’

साडभाऊंच्या कारभाराची तऱ्हाच न्यारी. जो तक्रार करील, त्यालाच ते त्या गोष्टीचा कारभारी करतात. पंखा कुरकुरतो असं सायकलवाला म्हणाला, तर साडभाऊ आनंदाने उभेच राहिले. “वा! आजपासून पंख्याचं खातं तुमचं.” पेपर उशिरा येतो म्हणणारा आता स्टँडवर जाऊन पहिल्या बसमधून पेपर उतरवून घेतो. ज्याने अजून एकही तक्रार केली नाही, त्या माणसाची त्या गावात सोयरीक जमणं कठीण आहे, असा माझा अंदाज आहे. एकदा त्याच गावातल्या कौसल्याबाई दारात कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आमाले वाचता येत नाही, मंग हे वाचनालय कोणाचं?” साडभाऊंनी त्यांना तिथल्या तिथे ‘ऐकण्याचं खातं’ देऊन टाकलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते मोठ्याने कादंबरी वाचतात. रोवणीच्या दिवसांत तर बाया चिखलात आणि हे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पुस्तक घेऊन उभे. थांबायची वेळ झाली की खुणेसाठी कोपरा दुमडून पानाचा कान मोडतात (माझ्याकडे याविरुद्ध फलक आहे), आणि पुढचं पान चुकूनही चाळत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “मी एकटाच समोर निघून गेलो, तर बायांसोबत मले नवल कसं वाटंल?”

आमच्या घरात या सगळ्याचं भलतंच कौतुक. “जिजाजींकडून काहीतरी शिका,” हे वाक्य मला बायकोकडून चहाबरोबर मिळतं. शेवटी शिकलो. आमच्याकडे तक्रारपेटी होती, पण तिची किल्ली सुरक्षित राहावी म्हणून मीच ती पेटीत टाकली होती. म्हणून तोंडी जाहीर केलं, की जो तक्रार करील तो कारभारी. कोपऱ्यात बसलेले निवृत्त स्टेशनमास्तर लगेच उठले. “यहाँ सबसे ज़्यादा आवाज़ तो सेक्रेटरी साहब ही करते हैं.” नियम म्हणजे नियम. ते माझेच कारभारी झाले. आता मी ‘शांतता!’ म्हणून ओरडलो की त्यांचं बोट ओठांवर जातं आणि मला खाली बसावं लागतं. हे ऐकून साडभाऊ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, “पण एक माणूस रोज यायले लागला ना?” ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या रात्री मी जरा जास्तच जळलो.

यंदा साडभाऊंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळा आधीपासूनच अधू, त्यामुळे वाचन बंद. त्यांनी गोदामाची किल्ली माझ्या हातात ठेवली. “साडभाऊ, कादंबरी अर्ध्यावर आहे. सुभद्रा पुरात नावेत बसली. तिले तेवढी पार नेऊन द्या.” सौ. म्हणाली, “जिजाजींना दुसरं कोणी सापडलं नाही का?”

मला वाटलं, आता दाखवतोच. पहिल्याच संध्याकाळी मी भाषणाच्या आवाजात सुरुवात केली. कौसल्याबाईंनी हात वर केला. “कायले पळून राहिले बाप्पा? मागं नागझिऱ्याचा वाघ लागला का?” मी निमूटपणे त्यांना माझ्या वेगाचा कारभार दिला. मग त्यांचा हात वर जाई आणि मी हळू होई. नाव भोवऱ्यात सापडली, तिथे मी मोठ्या ऐटीत पुस्तक मिटलं आणि पुढचं कोणी विचारतं का म्हणून वाट पाहिली. बाया उठल्या, लुगड्यावरचा कोंडा झटकला आणि दारातून एकच विचारून गेल्या, “भाऊचा डोळा कसा आहे?”

दुसऱ्या दिवशी वाटेत स्कूटर पंक्चर झाली. ती ढकलत, घामाघूम होऊन पोचलो, तर गोदामाच्या पायरीवर काळा चष्मा लावून साडभाऊ एकटेच बसलेले. डॉक्टरांनी घरी पडून राहायला सांगितलेलं.

“काऊन उशीर केला हो?” ते चिडून म्हणाले. “केव्हाची वाट पाहून राहिलो तुमची! कौसल्याबाई सांगून गेली, नाव भोवऱ्यात सापडली. बुडाली का?”

आयुष्यभर जे वाक्य हवं होतं, ते आलं. आणि आलं ते नेमकं या माणसाच्या तोंडून. मला कुलूप उघडायला जरा वेळ लागला. “सांगणार नाही,” मी म्हटलं, “आत चला.” त्यांना हात धरून आत नेलं, अगदी पुढे बसवलं आणि काल ज्या पानाचा कान मी स्वतःच मोडला होता, ते पान उघडलं.

लवकरच त्यांना नवा चष्मा मिळेल. मग पुस्तक त्यांच्या हातात जाईल, आणि मी माझ्या गायीकडे. त्यांचा डोळा लख्ख व्हावा असंच मला वाटतं, अगदी मनापासून. फक्त सुभद्रा अजून पाण्यात आहे आणि साडभाऊ मान पुढे काढून ऐकताहेत, म्हणून हल्ली मी खूप हळू वाचतो. कौसल्याबाईंनी हात वर केला नाही, तरीसुद्धा.